बाटली संपेपर्यंत

३ नोव्हेंबर

सात महिने या वहीला हात लावला नाही, त्याबद्दल माफी. कोणाची मागायची ते कळत नाही, म्हणून वहीचीच मागते. एप्रिलमध्ये कॉलेजने तासिका तत्त्वावरच्या आम्हा सगळ्यांना नारळ दिला. त्यानंतर काही घडलं नाही असं नाही, पण लिहिलं की ते पक्कं होईल असं वाटायचं.

आज लिहिते आहे, कारण बातमी चांगली आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी मला नवी नोकरी लागली. डोळ्यांच्या रुग्णालयात औषध-चाचणीची समन्वयक. शस्त्रक्रिया चिंचवडला होतात, नंतरची तपासणी कुरुळीच्या केंद्रात, हायवेला लागूनच. राजगुरुनगरहून रोज ये-जा करायची तर चाकणच्या चौकात अर्धं आयुष्य ट्रकमागे जाईल, म्हणून चिंचवडला खोली घेतली. हे आणि सायली गावीच. तिची बारावी आहे. रविवारी मी जाईन.

खोली पहिल्या मजल्यावर, ऊन भरपूर. मालकीण शालनबाई खाली राहतात. त्यांनी न विचारता चहा वर आणून दिला आणि भाड्याचं नंतर बघू म्हणाल्या. खिडकीतून गुलमोहर दिसतो. आज मला फार बरं वाटतं आहे.

७ नोव्हेंबर

काम समजलं. लेसरने चष्म्याचा नंबर काढताना बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची वरची साल खरवडतात. ती जखम भरायला चार-पाच दिवस लागतात, आणि ते दिवस डोळ्यात वाळू गेल्यासारखे जातात. आमचे थेंब ती लवकर भरावी म्हणून. दिवसातून चार वेळा, सात दिवस.

चोवीस माणसं निवडली आहेत. बारा जणांच्या बाटलीत औषध, बारा जणांच्या बाटलीत नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, हे रुग्णाला माहीत नाही, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. कुलथे यांना नाही, मलाही नाही. यादी लाखेने बंद केलेल्या पाकिटात, पाकीट कपाटात. मला हे आवडलं. पेपर तपासताना मी मुलांची नावं झाकून ठेवायचे, त्यातलाच हा प्रकार.

थेंब कसे घालायचे ते शिकवणं माझ्याकडे. साध्या पाण्याची एक बाटली ठेवली आहे, तिच्यातून स्वतःच्या डोळ्यात घालून दाखवते. शिकवायची सवय अजून आहे.

आज करिष्मा आली. सव्वीस वर्षांची, कुरुळीतच दिलेली. गाड्यांच्या दारांना रंग देणाऱ्या कंपनीत पांढऱ्या दिव्याखाली उभी राहून ओरखडे शोधते. उणे सहा नंबर. चष्म्यावर वाफ धरते, दारं निसटतात. चोवीस तारखेला कंपनीची नजर-तपासणी आहे. चष्म्याशिवाय पास झाली तर कायम, नाही तर ठेकेदाराकडे तिच्या जागेसाठी दहा जणी उभ्या आहेत. सोबत सासू छबूबाई. म्हणाल्या, “चष्मा घातला की मास्तरीण दिसती, काढला की मलाच वळखत न्हाई. त्या येळंला बरी वाटती.” करिष्मा हसली आणि सासूच्या दंडाला चिमटा काढला. दहा तारखेला तिची शस्त्रक्रिया.

१४ नोव्हेंबर

पिवळा रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं की डोळ्यावरची जखम हिरवी चमकते. काहींच्या डोळ्यात दुसऱ्याच दिवशी हिरवं उरलं नाही. डॉ. कुलथे यांनी मलाही यंत्रातून पाहायला लावलं. वीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं म्हणाले.

दोन गोष्टी लिहून ठेवते.

पहिली. ज्यांची जखम एका दिवसात भरली त्यांना थेंब घातल्यावर घशात कडू लागतं. उरलेल्यांना खारट. म्हणजे कोणाकडे काय, ते मला आता कळतं. कळायला नको होतं. मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, मंजुषाताई, चव काय, मनाचीही असते.

दुसरी. तेजस्विनी नावाची एक रुग्ण आहे, कडूवाल्यांपैकी. शस्त्रक्रियेसाठी तिने नाकातली चमकी काढली होती. चौथ्या दिवशी घालायला गेली तर भोकच नाही. बुजलं असंही म्हणता येईना, कधी टोचलंच नव्हतं इतकी कातडी साफ. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. डॉक्टरांनी हसून विचारलं, आपण नाकाचा अभ्यास करतोय की डोळ्यांचा. मी ती ओळ खोडली आणि नियमाप्रमाणे खोडल्याची सही केली.

१८ नोव्हेंबर

करिष्माची जखम भरत नाही. आठ दिवस झाले. तिचे थेंब खारट आहेत. काल ते संपले आणि डोळ्यात अजून नखाएवढा हिरवा डाग आहे. उजेड सहन होत नाही, सारखा पदर डोळ्यावर. चोवीसला तपासणी. तिने मला काही मागितलं नाही. फक्त म्हणाली, “मॅडम, सहा दिवसांत दिसंल ना?”

प्रीतम नावाच्या मुलाची बाटली फ्रिजमध्ये पडून आहे. पोलिस भरतीची मैदानी परीक्षा आली म्हणून तो शस्त्रक्रियेला आलाच नाही. ही बाटली सीलसकट परत पाठवायची असते.

मी सील तोडलं. एक थेंब जिभेवर ठेवला. पितळेच्या भांड्यात कळकलेल्या ताकासारखा कडू.

नोंदवहीत लिहिलं, “हाताळताना बाटली फुटली.” खाली सही. माझ्या आयुष्यातली ही पहिली खोटी सही. अक्षर मात्र नेहमीसारखंच आलं, याचंच जास्त वाईट वाटलं.

१९ नोव्हेंबर

बाटली करिष्माच्या घरी नेऊन दिली. छबूबाईंनी ती उजेडात धरून फिरवली. “आधीची येगळी हुती. ही का बदलली?” मी म्हणाले, ही जास्त चांगली. “मंग आधी तुमच्या डोळ्यात घाला बाई. केंद्रात घालून दावता तसं. तुमची ती पाण्याची बाटली नगं. ही घाला.”

त्या रागावल्या नव्हत्या. कोणाच्याही हातचं काही घेताना घरातल्या मोठ्या बाईने जे विचारायचं तेच त्या विचारत होत्या. मी उजव्या डोळ्यात एक थेंब घातला. तो घशात उतरेपर्यंत त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग सुनेला म्हणाल्या, “घाल गं. बाईंनी घातलं.”

निघताना करिष्माने विचारलं, किती दिवस? रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी म्हणाले, संपेपर्यंत घाला.

२४ नोव्हेंबर

पास झाली. वीसलाच डाग गेला होता. आज पेढे घेऊन केंद्रात आली, चष्म्याशिवाय, काजळ घालून. छबूबाईंनी माझ्या तोंडात पेढा कोंबला.

माझ्या उजव्या डोळ्यात लहानपणी ज्वारीचं पातं लागून फूल पडलेलं आहे. त्या डोळ्याने मला जग दुधाच्या पिशवीतून पाहावं तसं दिसत आलं. आज डावा डोळा झाकून खिडकीबाहेर पाहिलं. गुलमोहराची पानं सुटी सुटी दिसली.

एका थेंबाने.

३० नोव्हेंबर

रविवार. खरं लिहायचं असेल तरच ही वही ठेवावी, म्हणून लिहिते. सात दिवस झालेल्या बाटल्या रुग्ण परत आणून देतात. तळाशी थोडं उरलेलं असतं, ते फेकायचं असतं. गेला आठवडाभर मी रोज सकाळी एकेक थेंब उजव्या डोळ्यात घालते आहे. कोणाचं काही घेत नाही, असं स्वतःला सांगते. फूल जवळजवळ गेलं. आज एसटीत उजव्या डोळ्याने पूर्ण पान वाचलं. उतरेपर्यंत रडू आवरत नव्हतं.

घरी लग्नाला जायचं होतं. कुड्या घालायला गेले. कानाला भोकं नाहीत. दोन्ही पाळ्या लहान मुलीसारख्या. सायली म्हणाली, आई, तुझं परत बारसं करावं लागणार. सगळे हसले, मीही हसले. तेजस्विनीचं नाक आठवलं. पण तिने थेंब संपल्यावर नाक परत टोचून घेतलं आणि ते भोक नीट टिकलं आहे. थेंब थांबले की थांबतं.

८ डिसेंबर

करिष्मा सुट्टी टाकून आली. सकाळी पापण्या चिकटतात, कोमट पाण्याने सोडवाव्या लागतात. आज बाहेरचे कोपरे सुटलेच नाहीत. मला वाटलं चिपडं असतील. कापसाने पुसलं. चिपडं नाहीत. वरची पापणी आणि खालची पापणी कोपऱ्यापासून गव्हाच्या दाण्याएवढी एकसंध आहे. शिवण नाही, व्रण नाही.

पट्टीने मोजलं. डोळ्याची फट माणसाची साधारण अठ्ठावीस मिलिमीटर असते. तिची चोवीस.

थेंब कधी थांबवले, असं विचारलं. ती गोंधळली. “थांबवायचे होते? तुम्हीच म्हणाला होता ना, संपेपर्यंत.” जखम वीस तारखेलाच भरली होती. त्यानंतरही अठरा दिवस छबूबाई रोज चार वेळा घालत होत्या. आणलेलं औषध त्या घरात टाकून देत नाहीत. आमच्याही घरात देत नाहीत. सासूबाईंचा खोकला जाऊन महिना झाला तरी आम्ही त्यांना बाटलीतलं शेवटचं चमचाभर पाजतो. मला हे माहीत असायला हवं होतं.

बाटली काढून घेतली. तळाला चार थेंब होते.

घरी आरशापुढे मोजलं. डावा अठ्ठावीस. उजवा सव्वीस. माझ्याकडचं सगळं मोरीत ओतलं.

११ डिसेंबर

थांबत नाही.

सात दिवसांवाल्यांचं थांबलं होतं, म्हणून मला वाटलं होतं हिचंही थांबेल. करिष्मा एकोणीस. गालांवरून सारखं पाणी वाहतं. डॉक्टरांनी पाहिलं. डोळ्यातलं पाणी नाकात उतरण्याची जी दोन बारीक छिद्रं पापणीच्या कडेला असतात, ती नाहीशी झाली आहेत. त्यांच्या मते शरीर प्रत्येक फटीला जखम समजतं आहे.

तक्रार गंभीर असेल तर पाकीट उघडायचा नियम आहे. त्यांनी माझ्यासमोर लाख फोडली. करिष्मा, मिठाचं पाणी. दुसऱ्या बाटलीबद्दल तिला त्यांनी विचारलंच नव्हतं. त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. म्हणाले, बिचारी, काहीतरी दुर्मीळ असणार, पण निदान आपल्या थेंबांचा दोष नाही. अहवाल तसाच गेला.

मी टेबलाच्या या बाजूला उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. सायलीचं तोंड डोळ्यांपुढे आलं, मग त्या खोट्या नोंदीखालची सही आली. मी अहवालाला टाचणी लावून दिली.

उद्या सांगेन.

१३ डिसेंबर

आज चिंचवडला करिष्माच्या पापण्या सोडवल्या. मी आत होते. डॉक्टरांनी कात्रीने कोपरा उघडला. रक्त आलं, पुसलं, आणि पुसेपर्यंत ते थांबलेलं होतं. टाका घालायला सुई हातात घेतली तोवर कोपरा मिटला होता. पुन्हा कापलं. पुन्हा. प्रत्येक कापाबरोबर आधीपेक्षा पुढेपर्यंत मिटत गेलं. चौथ्या कापाला डॉक्टरांचा हात थांबला.

जखम केली की औषधाला ती भरायचं काम मिळतं.

आत गेली तेव्हा सतरा होते. बाहेर आली तेव्हा अकरा.

बोलले नाही. उद्या.

१५ डिसेंबर

कुरुळीला गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. डोळे नाहीत. म्हणजे आहेत. गुळगुळीत कातडीखाली दोन उंचवटे आहेत आणि आवाज येईल तिकडे ते वळतात. माझी चप्पल वाजली तसे माझ्याकडे वळले. म्हणाली, “मॅडम का? दुपार झाली का हो?”

छबूबाई चुलीपाशी होत्या. त्यांचा एक डोळा अर्धा मिटलेला. मोतीबिंदू आहे म्हणून, मी बाटली नेईपर्यंत, सुनेबरोबर त्याही थेंब घालून घेत होत्या. मला कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चहा ठेवला. म्हणाल्या, “तुमी आधी घातलं, बाई. म्हून तर आमी घातलं.”

माझा उजवा वीस.

१७ डिसेंबर

केंद्रात पेढे. निकाल उत्तम म्हणून पुढचा टप्पा मंजूर झाला. तीनशे माणसं. सात दिवसांऐवजी पूर्ण तीस दिवस थेंब, परिणाम पक्का व्हावा म्हणून. एकोणतीस डिसेंबरला सुरुवात. कागदोपत्री तक्रार एकच आणि तीही पाण्याच्या गटातली.

तीनशे माणसं. साठ जण पहिल्याच आठवड्यात. निम्म्यांच्या बाटलीत ते.

डॉक्टरांच्या दारापर्यंत गेले. आत औषध कंपनीची माणसं होती. शिपाई म्हणाला, ताई, उद्या या.

मी मान डोलावली. मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून ठेवते.

१९ डिसेंबर

सकाळी जांभई दिली तर ओठांचा कोपरा फाटला. रक्त दिसलं. आरसा आणेपर्यंत नव्हतं. थेंब घशात उतरतात. जिभेवरही मी तो ठेवला होता.

डॉक्टर दिल्लीला गेलेत. सोमवारी येतील.

आजारी असल्याचं कळवलं. रुग्णालयात जाणार नाही. ते कापतील.

२२ डिसेंबर

उजवा सात. डावाही आता चोवीस — त्यात मी कधीच घातलं नव्हतं.

तोंडात दोन बोटं मावतात. भाताची पेज. शालनबाई दाराशी ठेवून जातात. दाढ दुखते, असं दारामागून सांगितलं. त्या म्हणाल्या, लवंग ठेवा. आवाज माझा वाटत नाही.

डॉक्टर आले असतील. फोन हातात घेतला. सुरुवात कशी करायची — “सर, एक चूक झाली” — चूक नव्हे. सही केली होती मी. चूक म्हणायचा हक्क नाही. वाक्य नीट जुळेना. ठेवून दिला. पेपर तपासताना अर्ध्या गुणासाठी रात्र घालवणारी बाई मी, आणि एक वाक्य —

उद्या.

२४ डिसेंबर

उजवा मिटला. आत उजेड लालसर दिसतो. बुबुळ हललं की कातडीला घासतं. दुखत नाही. दुखायला हवं.

तोंडात एक बोट.

डॉक्टरांच्या केबिनमधल्या लँडलाइनवर फोन लावला. त्यांनी उचलला. मी बोलले. सगळं बोलले. ते म्हणाले, हॅलो, कोण? आवाज नीट येत नाही. पुन्हा बोलले. ते म्हणाले, कोणीतरी लहान मूल आहे वाटतं. बंद.

२५ डिसेंबर

डावा नऊ. किंवा आठ. पट्टीवरचे आकडे —

लिहून पाठवायला गेले. अक्षरं दिसत नाहीत. फोनला बोलून सांगायला गेले तर तो म्हणतो, समजलं नाही. पुन्हा बोला.

ह्यांना यायला मंगळवार. मंगळवारी तीस तारीख.

२७ डिसेंबर?

दोन्ही. मोजपट्टी ओळीखाली धरून लिहिते आहे. ओळीवर ओळ चढत नसावी.

स्ट्रॉने पाणी. नाकाची एक बाजू बंद. दुसरीतून शिट्टीसारखा —

ब्लेड शोधलं. ओठांवर धरलं. करिष्माचा चौथा काप आठवला. खाली ठेवलं.

वही जपायला हवी. हिच्यात सगळं आहे. तारखा आहेत. मी खोडलेली ओळ आहे. जो वाचेल त्याने — तेजस्विनीचं नाक — चव — सगळं आहे इथे —

२८

रविवार असावा. खाली शालनबाईंकडे पाहुणे. हसतात. केंद्र बंद. आज दिली तरी कुलूप.

की हेही कारणच.

करिष्माला आज कोणता दिवस ते कोण सांगत असेल.

श्वास बारीक. घाई केली तर कमी येतो. सावकाश.

वही दाराच्या फटीतून सरकवायची. शालनबाई चहा ठेवायला येतात सकाळी सातला. साठांतले पहिले नऊला. दोन तास. पुरेत.

पहिल्या पानापासून वाचण्यात वेळ जायला नको. म्हणून वर एकच ओळ. मोठ्या अक्षरात.

उद्याचं काम : डॉक्टरांना कळवणे, प्रीतमची बाटली फुटली नव्ह